तोतया, पुल्लिंगी

इंदरगंजात कचेरीच्या फाटकाशी
लिंबाखाली टेबल क्रमांक चौदा.
दिवसभर मी इथे ‘मैं’ टंकतो.
मैं, कल्याण सिंह, वल्द भोगीराम, उम्र बासठ.
मैं, शांतिबाई, बेवा, साकिन मुरार.
मैं शपथपूर्वक कथन करता हूँ.
माझ्या बोटांतून रोज वीसपंचवीस जण
स्वतःला मी म्हणवून घेतात,
पानाला तीस रुपये.

काल एक मुलगा आला, जामिनावर सुटलेला.
हरिओम, वल्द रामनिवास, जौऱ्याकडचा.
शिपायांच्या भरतीला
दुसऱ्याच्या नावाने बसला होता.
अंगठ्यावर मेणाचा पापुद्रा,
प्रवेशपत्रावर दोघांचे चेहरे कालवून केलेला
एक फोटो.
वकील म्हणाले, लिहा, प्रतिरूपण.
शब्द कसा इस्त्री केलेला.
आत कोणी माणूस असेल असं वाटत नाही.

मी म्हटलं, आमच्यात याला तोतया म्हणतात.
"तोता?" वकील हसले. "मिट्ठू?"
मुलगाही हसला, पहिल्यांदाच.

लश्करात आता हा शब्द कोणाला लागतो?
पुण्याची बहीण लोणच्याच्या बरण्या गुंडाळून पाठवते,
त्या वर्तमानपत्रांत मात्र तो धडधाकट आहे.
तोतया पोलीस, तोतया तिकीट तपासनीस,
एकदा तर तोतया जावई,
तेलाच्या डागाखाली पूर्ण बातमी वाचता आली नाही.
बाई असली तरी तोतया महिला डॉक्टर.
तोतयी होत नाही ती.
व्याकरणाला तिचा संशयच आलेला नसतो.

बहुरूपी दारात येतो, सलाम ठोकतो,
ओळखलं का म्हणतो, मग पैसे मागतो.
तोतयाला ते विचारायची सोय नाही.
कोणी दाद दिली
की त्याची कला संपली.

हरिओमला म्हटलं, पेपर कसा गेला होता रे?
"बयासी आए थे, बाबूजी."
स्वतःच्या नावाने दोनदा बसला,
दोन्हीदा नापास.
"अपने नाम से हाथ काँपता है."
हे मी शपथपत्रात घेतलं नाही.
त्याला रकाना नव्हता.
सहीपाशी तो इतका वेळ थांबला
की वकिलांनी घड्याळ पाहिलं.

आता माझं सांगतो.
टेबल चौदा वामनदादाचं.
टाइपरायटर त्याचा,
ओळीच्या वर उडणारा ‘व’सुद्धा त्याचाच.
दादाला जाऊन एकोणीस वर्षं झाली.
तेरावं आटपून मी इथे बसलो,
तर मुरैन्याहून आलेला एक म्हातारा म्हणाला,
"वामनराव, दुबला गए!"
मी म्हटलं, मी धाकटा, अच्युत.
दुसऱ्याला सांगितलं. तिसऱ्याला सांगितलं.
चौथ्याची तारीख होती, घाई होती.
मी ओ दिली.

पाटी बदलायची राहून गेली.
कोणी दादाला देणं असलेले चाळीस रुपये आणून दिले,
ठेवून घेतले.
कोणी त्याच्या जुन्या चुकीसाठी मला झापलं,
मान खाली घालून ऐकलं,
चूक दुरुस्तही करून दिली.
एका बाईने संक्रांतीला गजकचा डबा ठेवला,
"आपने मेरे आदमी को छुड़वाया था."
मी नाही म्हणायला तोंड उघडलं
आणि एक वडी खाल्ली.
चांगली होती. तीळ ताजे होते.

घरी वहिनी जेवायला हाक मारतात,
अच्युतभावजी.
साऱ्या शहरात एवढं एकच तोंड
हे नाव घेणारं.
आणि मी ओसरीवर बसून असतो, कोणाला बोलावतायत ते ऐकत.
त्या दुसऱ्यांदा हाक मारत नाहीत.
ताटावर ताट झाकून
दाराकडे पाठ करून बसतात.